हॅचरीचे मासे, नदीचे मासे आणि त्यांना खाणारे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृग लागला की आमच्या भागात दोन गोष्टी ठरलेल्या. तलाव ठेक्यानं घेतलेली माणसं मत्स्यबीजासाठी फोन फिरवायला लागतात, आणि कुठल्या तरी ग्रुपवर विमानातून मासे टाकण्याचा व्हिडिओ येतो. (व्हिडिओ खरा आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यात रस्ता नसलेल्या डोंगरी तळ्यांत ट्राउटची पिल्लं विमानातून सोडतात.) मग प्रश्न सुरू होतात. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर इकडून गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथं एकत्र केलेत. अर्धे सॅल्मनबद्दल आहेत, ते का हे तिसऱ्या प्रश्नात सांगितलंय. तेच तेच लिहायला लागू नये म्हणून आकडे घातलेत.

१. हॅचरीचा मासा म्हणजे काय? मासा तो मासाच की!

जातीनं तोच. फरक जन्माचा आणि बालपणाचा. हॅचरीत, म्हणजे बीज काढायच्या केंद्रात, नर-मादीला हार्मोनचं इंजेक्शन देऊन गोल टाकीत सोडतात आणि पाणी फिरतं ठेवतात. त्यांच्या लेखी नदीला पूर आलेला असतो. अंड्यातून बाहेर आलेलं, दिसेल न दिसेल असं पिल्लू म्हणजे जिरे. साधारण २५ मिलिमीटरपर्यंत वाढलं की मत्स्यबीज, त्यापुढं अर्धबोटुकली, आणि ५० मिलिमीटरच्या वर गेलं की बोटुकली. भारतात कार्प जातीच्या (कटला-रोहूसारख्या) माशांवर हा इंजेक्शनचा प्रयोग १० जुलै १९५७ ला कटकला हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी यशस्वी केला. म्हणूनच १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. त्याआधी बीज पुराच्या पाण्यातून, नदीतूनच गाळून आणायचे.

२. सॅल्मन म्हणजे आपला रावसच ना? हॉटेलच्या मेनूवर तसं लिहिलेलं असतं.

नाही. मेनूवरचं ‘इंडियन सॅल्मन’ हे रावसाला चिकटवलेलं नाव. रावस आपल्या किनाऱ्यावरचा समुद्री मासा, सॅल्मनशी त्याचं नातं नाही. सॅल्मन थंड पाण्यातला. गोड्या पाण्यात, गोट्यांच्या तळात जन्मतो, पिल्लू असतानाच नदीनं खाली समुद्रात जातो, तिथं काही वर्षं वाढतो आणि अंडी घालायला परत आपल्याच नदीत येतो. नदीचा वास त्याला आठवतो. पॅसिफिक महासागराकडचे सॅल्मन, म्हणजे चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक, चम, अंडी घालून मरतात. त्यांची मढी ओढ्याकाठी कुजतात, त्यावर अस्वलं, गरुड, किडे आणि शेवटी झाडंसुद्धा पोसली जातात. म्हणजे समुद्रातलं खत डोंगरात नेऊन टाकणारा हा मासा. हे लक्षात ठेवलं तर पुढची उत्तरं सोपी जातील.

३. आपल्याकडं सॅल्मन नाही, मग त्याचं एवढं कशाला?

कारण हिशेब तिथं ठेवलाय. पॅसिफिक सॅल्मनची पहिली सरकारी हॅचरी कॅलिफोर्नियात मॅक्लाउड नदीवर १८७२ साली निघाली. पुढं कोलंबिया नदीवर मोठमोठी धरणं झाली. बॉनव्हिल १९३८ ला, माशांना चढायच्या पायऱ्यांसह. ग्रँड कूली १९४२ ला पुरं झालं, ते पायऱ्यांशिवाय, म्हणजे त्याच्या वरची सगळी नदी सॅल्मनला कायमची बंद. त्या नुकसानीची भरपाई म्हणून हॅचऱ्या वाढवल्या. दीडशे वर्षांत धोरण चुकलं, सुधारलं, परत चुकलं, पण नोंदी राहिल्या.

मुख्य म्हणजे ते माशाला खूण करतात. पाठीवर शेपटीजवळ सॅल्मनला एक छोटा मांसल पर असतो, तो सोडण्याआधी कापतात. पर नाही म्हणजे हॅचरीचा, पर आहे म्हणजे बहुतेक जंगली. काहींच्या नाकात केसाएवढी तार घालतात, तिच्यावर हॅचरीचा संकेतांक असतो. आपल्याकडं नदीत सोडलेल्या बोटुकलीचं पुढं काय झालं, असं विचारलं की सोडतानाचे फोटो दाखवतात.

४. हॅचरीत तर पिल्लं जास्त जगतात. मग बिघडतं कुठं?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. उत्तरही लांब आहे.

नदीत शंभर अंड्यांतली बहुतेक मरतात. पूर येतो, गाळ बसतो, मोठा मासा खातो. हॅचरीत यातलं काही होत नाही, म्हणून बहुतेक जगतात. पण नदीत जी चार उरतात ती त्या नदीची चाळण पार केलेली असतात. हॅचरीतही चाळण असते, फक्त दुसरी. तिथं कोण टिकतो? गर्दी सोसणारा, वरून पडलेल्या दाण्यावर पहिला तुटून पडणारा, माणसाला न भिणारा. नदीत नेमक्या याच गोष्टी जिवावर येतात.

सदलग्याच्या बाजूला दूधगंगेवर मी एकदा बीज सोडण्याचा कार्यक्रम पाहायला गेलो होतो. नारळ फुटला, हार झाले, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या टेंपोतून उतरवून थेट पाण्यात मोकळ्या केल्या. (पिशवी आधी पंधरा-वीस मिनिटं पाण्यात तरंगत ठेवायची असते, म्हणजे आतलं-बाहेरचं तापमान जुळतं. कार्यक्रमाच्या घाईत ते राहून गेलं.) बोटुकल्या खोलात पळायला हव्या होत्या. त्या काठावर वाकलेल्या माणसांच्या सावलीकडंच गोळा झाल्या आणि तोंडं वर करून उभ्या राहिल्या. टाकीत सावली म्हणजे खाणं, एवढंच त्यांना ठाऊक. शेजारी उभा पोरगा म्हणाला, “हाक मारल्यासारखी येतात की ओ!” पाहुण्यांचं भाषण संपायच्या आत पलीकडच्या बाभळीवरनं पाणकावळे उतरले होते.

झाली ती वागण्याची गोष्ट. खोलवरची गोष्ट रक्ताची आहे. ऑरेगनमधल्या हूड नदीत स्टीलहेड या सॅल्मनच्या भावकीतल्या माशावर पिढ्यान्‌पिढ्यांची जनुकीय वंशावळ मांडून अभ्यास झाला. २००७ साली निष्कर्ष आला: हॅचरीत काढलेल्या दर पिढीमागं माशाची नदीत पिल्लं वाढवण्याची ताकद सुमारे ४० टक्क्यांनी घटते. २०१२ ला त्याच नदीवरून पुढचं कळलं. हॅचरीत ज्यांची संतती सर्वांत भरभरून जगते, त्यांचीच संतती नदीत सर्वांत मागं पडते, आणि हा बदल व्हायला एक पिढी पुरते. असे मासे मोठे होऊन जंगली माशांशी जोडी लावतात, आणि ती कमजोरी नदीच्या रक्तात उतरते.

सगळ्या जातींत हा परिणाम सारखा नाही. स्टीलहेडला हॅचरीत वर्षभर ठेवतात. चम आणि पिंक लवकर सोडतात, त्यांच्यात दोष कमी दिसतो. कमी म्हणजे शून्य नव्हे.

५. म्हणजे फक्त संकरानंच नुकसान होतं का?

नाही. खाऊन-पिऊन मोठी झालेली हॅचरीची पिल्लं एकदम लाखानं उतरतात, तेव्हा जंगली पिल्लांची जागा आणि खाणं जातं. काही वेळा ती लहान जंगली पिल्लं गिळतातही. टाकीतल्या दाटीत रोग पसरतात ते वेगळंच. पण माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित नुकसान जाळ्याचं. हॅचरीमुळं मासे भरपूर दिसले की मासेमारी वाढते, आणि जाळं काही पर बघून धरत नाही. हॅचरीचे मासे भरून निघतात. त्यांच्यासोबत जाळ्यात आलेला, आधीच थोडका उरलेला जंगली मासा भरून निघत नाही. रक्तातल्या बिघाडाबद्दल प्रश्न ४.

६. मासे वाढले तर त्यांना खाणाऱ्यांची चंगळच, मग तक्रार कसली?

चंगळ होते हे खरं, पण ती कुठं आणि कधी होते ते बघा. कोलंबिया नदीच्या मुखाजवळ राइस आयलंड नावाचं बेट आहे. नदीतून उपसलेला गाळ टाकून माणसानंच केलेलं. तिथं कॅस्पियन सुरय या मासेखाऊ पक्ष्यांची प्रचंड वसाहत जमली आणि वरून येणारी सॅल्मनची पिल्लं हेच त्यांचं मुख्य अन्न झालं. १९९८ सालचा अंदाज वर्षाला एक कोटीहून जास्त पिल्लांचा होता. शेवटी १९९९ पासून वसाहतच समुद्राजवळच्या ईस्ट सँड आयलंडकडं सरकवली. तिथं खायला इतर समुद्री मासे मिळतात, त्यामुळं सॅल्मनवरचा भार बराच उतरला. पक्षी मारायला लागले नाहीत, जागा बदलली.

दुसरं उदाहरण बॉनव्हिल धरणाचं. समुद्रापासून सुमारे २३५ किलोमीटर आत. पायऱ्यांच्या तोंडाशी चिनूक अडखळतात आणि तिथं समुद्रसिंह (सी लायन, सीलसारखे प्राणी) येऊन बसतात. जत्रेत वाट अरुंद झाली की पाकीटमार कुठं उभा राहतो, तसंच. हे समुद्रसिंह तिथल्या १९७२ च्या कायद्यानं संरक्षित. (आपला वन्यजीव कायदाही १९७२ चाच.) म्हणजे एक संरक्षित प्राणी दुसरा संरक्षित मासा खातोय. २०१८ साली खास कायदा करून त्यांना हटवण्याची परवानगी वाढवावी लागली.

शिकाऱ्याला हॅचरीचा आणि जंगली मासा वेगळा कळत नाही. हॅचरीच्या लोंढ्यानं शिकारी एका जागी बांधला जातो आणि त्या लोंढ्यातून जाणारा जंगली मासाही खातो. उलटही घडतं: लोंढा एवढा मोठा असतो की शिकाऱ्याचं पोट भरतं आणि जंगली सटकतात. कुठं काय होईल ते सोडण्याच्या वेळेवर आणि जागेवर ठरतं.

७. मग किलर व्हेल उपाशी मरायलेत म्हणतात ते काय? त्यांच्यासाठी तरी हॅचरी हवीच ना?

इथं माझंही मत डळमळतं. सिएटलच्या आसपासच्या समुद्रात ओर्कांचा, म्हणजे किलर व्हेलांचा, एक कळप आहे, दक्षिणेकडचा निवासी कळप म्हणतात. संख्या पाऊणशेच्या आसपास. हे सील खात नाहीत, मासे खातात, आणि माशांतही मुख्यतः चिनूक. अमेरिकेनं त्यांना २००५ साली धोक्यातल्या यादीत घातलं. २०१८ ला तालेक्वा नावाची मादी मेलेलं पिल्लू डोक्यानं ढकलत १७ दिवस फिरली, ते जगानं पाहिलं. त्यानंतर वॉशिंग्टन राज्यानं व्हेलांसाठी म्हणून चिनूकचं हॅचरी उत्पादन वाढवायला पैसे दिले.

आज भुकेलेल्या प्राण्याला आज मासा हवा, हे समजतं. पण त्याच हॅचरीनं जंगली चिनूक आणखी खचला तर वीस वर्षांनी हाच कळप पूर्णपणे हॅचरीच्या बजेटवर जगेल. शिवाय परतणारे चिनूक पूर्वीपेक्षा लहान झालेत. आकडा तोच धरला तरी घास लहान. तात्पुरतं म्हणून करा, पण सोबत नदी मोकळी करा (प्रश्न ९).

८. समुद्र एवढा मोठा, तिथं कसली गर्दी?

उत्तर पॅसिफिकमध्ये जपान, रशिया, अलास्का, कॅनडा इथल्या हॅचऱ्या मिळून वर्षाला सुमारे ५०० कोटी सॅल्मन पिल्लं सोडतात. पिंक सॅल्मनचं आयुष्य बरोबर दोन वर्षांचं, म्हणून विषम सालांत त्यांचा सुकाळ आणि सम सालांत तुलनेनं ओढ. त्यामुळं निसर्गानंच प्रयोग मांडून ठेवलाय. पिंक भरपूर असतात त्या सालांत समुद्रातले सूक्ष्म प्राणी घटतात, आणि त्याचा ताण इतर सॅल्मनवर आणि काही समुद्री पक्ष्यांवर दिसतो. एक सावधगिरी: पिंकमधले बहुसंख्य जंगलीच आहेत, चममध्ये मात्र हॅचरीचा वाटा मोठा. सगळं खापर हॅचरीवर फोडणं बरोबर नाही, पण तिथं कुरण सामायिक आहे आणि जनावरं सोडताना कुणी शेजाऱ्याला विचारत नाही.

९. सगळं ऐकून वाटतं हॅचऱ्या बंदच कराव्यात. बरोबर?

सरसकट नाही. १९९२ साली आयडाहोतल्या रेडफिश तळ्यात सॉकायचा एकच नर परत आला, एकच. लोकांनी त्याला ‘लोनसम लॅरी’ नाव दिलं. स्नेक नदीची ती सॉकायची जात आज आहे ती उरलेल्या थोड्या माशांना बंदिस्त जोपासल्यामुळं. दवाखान्यातल्या काचपेटीसारखी हॅचरी ती हीच.

दुसरी गोष्ट हक्काची. १९७४ च्या न्यायाधीश बोल्ट यांच्या निकालानं वॉशिंग्टनमधल्या आदिवासी जमातींना करारानुसार धरण्याजोग्या सॅल्मनचा अर्धा वाटा मिळाला. धरणांनी मासा संपवला तर अर्धा वाटा कशाचा? म्हणून त्यांच्यातल्या कित्येकांना हॅचरी हवी असते आणि ती ते स्वतः चालवतात. बाहेरून ‘बंद करा’ म्हणणं सोपं आहे.

त्याच १९७४ साली मोंटाना राज्यानं मात्र नद्यांत हॅचरीचे ट्राउट सोडणं थांबवलं. मॅडिसन नदीवर दिसलं होतं की जिथं सोडणं बंद केलं तिथं नदीतच जन्मणारे ट्राउट वाढले. (गंमत अशी की ते ट्राउटही मुळात बाहेरून आणलेलेच. पण नदीत जन्मायला लागल्यावर नदीचे झाले.) आणि अलीकडं धरणंच काढायला लागलेत: एल्व्हा नदीवर २०११ ते २०१४ मध्ये, क्लॅमथवर २०२४ पर्यंत. क्लॅमथवर त्याच साली सॅल्मन जुन्या धरणांच्या वर पोचले.

१०. हिडकल आणि नविलुतीर्थ धरणं, आमचं गावतळं, सगळीकडं कटला-रोहू सोडतात. त्यालाही हेच लागू का?

थोडं लागू, थोडं नाही. कटला, रोहू, मृगळ यांचं मुख्य घर उत्तरेकडच्या गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात. तळ्याच्या उभ्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत, म्हणून दरवर्षी बीज आणायला लागतं. गावतळ्यात सोडलं, वर्षानं काढलं, विकलं, ही शेतीच आहे. त्यात मला काही वावगं दिसत नाही. बीज चांगलं मिळालं म्हणजे झालं.

तिथंच मेख आहे. त्याच त्या नर-माद्यांवर वर्षानुवर्षं हॅचरी चालवली की सगोत्र पैदास, म्हणजे जवळच्या नात्यातली, वाढते. कर्नाटकातल्या हॅचऱ्यांवर याचा अभ्यास १९९० सालीच प्रसिद्ध झालाय. एकाच टाकीत कटला आणि रोहू एकत्र सोडले की मिश्र पिल्लंही निघतात. ठेकेदार म्हणतो, “यंदा मासं वाढंनात.” दोष पाण्याला देतो. बीज घेताना नर-माद्या कुठून आणल्या, किती वर्षांत बदलल्या, एवढं विचारा.

नदीचं वेगळं. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, वेदगंगा, दूधगंगा यांत खडस, तांबर, शिवडा, वाम, मरळ हे घरचे. त्यांतल्या कित्येकांना वाहतं पाणी, वाळूचा-गोट्यांचा तळ लागतो. वाळू उपसली, पाणी बंधाऱ्यांत अडवलं, कारखान्याचं पाणी सोडलं, आणि वरून दोन लाख बोटुकली ओतली, तर कागदावर मासे वाढतात.

११. खडस तर आपलाच मासा. तो हॅचरीत वाढवून सोडला तर पुण्यच ना?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण उत्तर घरातलंच आहे. खडस म्हणजे दख्खनी महसीर. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. आपल्या कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातला मासा. लोणावळ्याला टाटांच्या हॅचरीत १९७० च्या दशकापासून तो वाढवला गेला, आणि तिथलं बीज संवर्धन म्हणून दूरदूरच्या नद्यांत गेलं, कावेरीतसुद्धा.

कावेरीचा स्वतःचा महसीर होता: कुबडाचा, नारिंगी परांचा, जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांतला एक. आपला निळसर परांचा खडस तिथं फोफावला आणि कुबडाचा मागं पडत गेला. धरणं, वाळू, सुरुंग लावून केलेली मासेमारी ही कारणंही आहेतच. २०१८ साली त्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली आणि त्याच वर्षी अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदही. म्हणजे नाव कळेपर्यंत मासा जायला आला होता. सोडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत गेला की तो पाहुणा असतो, जात कितीही जवळची असो.

१२. चिलापी आणि मांगूरचं काय?

मांगूर, म्हणजे आफ्रिकन मागूर, पाळायला देशात २००० सालापासून बंदी आहे. कुणी बीज देऊ केलं तर घेऊ नका. चिलापी (तिलापिया) १९५२ साली भारतात आली. तिला हॅचरीही लागत नाही. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते आणि वर्षातून कितीदाही विते. एकदा नदीत गेली की परत काढणं नाही.

१३. पुरात तळं फुटून मासे नदीत गेले. आता काय?

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर हे पुष्कळांनी विचारलं. गेलेले परत येत नाहीत. पुढच्या मृगाआधी सांडव्याला बारीक जाळी बसवा, कचरा अडकून ती फाटते म्हणून दोन पदरी. कटला-रोहू गेले तर नुकसान मुख्यतः तुमच्या खिशाचं. चिलापी गेली तर नदीचं.

१४. पाणमांजरं आमचं बीज संपवतात. काय करू?

मारू नका. पाणमांजर आणि मगर दोन्ही वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत, थेट गुन्हा होतो. आणि बहुतेक वेळा पाणमांजराच्या नावावर पाणकावळ्यांचं खाणं मांडलेलं असतं. सोडल्यापासून पहिले दोन-चार दिवस जास्त जोखमीचे (दूधगंगेवर जे झालं ते प्रश्न ४ मध्ये). बीजाऐवजी बोटुकली सोडा, ती महाग पडते पण टिकते. एका घाटावर सगळी न ओतता चार जागी वाटा. दिवस मावळल्यावर सोडा, पाणकावळे तोवर झाडावर गेलेले असतात. काठाला पाण्यात बाभळीच्या फांद्या टाकून आडोसा करा.

१५. साहेबांच्या वाढदिवसाला नदीत एक लाख बीज सोडायचं ठरलंय. कुठून घ्यावं?

असे फोन वर्षातून चार-पाच तरी येतात. मी तीन गोष्टी विचारतो: कोणत्या जातीचं, कोणत्या नदीतल्या नर-माद्यांचं, आणि सोडल्यावर वर्षानं कोण बघणार. तिसऱ्या प्रश्नाला अजून कुणी नाव सांगितलेलं नाही. एकदा मात्र वेदगंगेकाठच्या एका तरुण मंडळानं लाख बीजाचा बेत सोडून डोहात सुरुंग लावणाऱ्यांवर पाळत ठेवली, आलटून पालटून, सगळा उन्हाळा. बॅनर लावला नव्हता. त्यांच्यातल्या एकानं पुढच्या दिवाळीत मला वाम धरल्याचा फोटो पाठवला. हातभर लांब होती. खाली लिहिलं होतं, “परत सोडली.”